सर, बोलायचं कोणी?

प्रति,
मा. मास्टर माइंड कोच सर
(नाव लिहीत नाही. तुमच्या फ्लेक्सवर ते पुरेसं मोठं आहे.)



पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या वहिनी तुमच्या प्लॅटिनम सर्कलमध्ये यापुढे येणार नाहीत. तुमच्या ऑफिसातून येणाऱ्या फोनवर हे सांगून झालं, पण पलीकडची मुलगी प्रत्येक वेळी नव्या उत्साहाने ‘कन्ग्रॅच्युलेशन्स मॅम’पासून सुरुवात करते. म्हटलं, थेट तुम्हालाच लिहावं, आणि तेही चारचौघांत; तुम्हाला चारचौघांत बोललेलं आवडतं. मी वहिनींची नणंद. नणंद भावजयीच्या बाजूने पदर खोचून उभी राहिली आहे, यावरून प्रकरण कुठवर गेलं असेल याचा अंदाज घ्या. पत्र वहिनींना वाचून दाखवलं आहे आणि त्यांची परवानगी घेऊनच छापायला दिलं आहे. परवानगीचा विषय पुढे निघणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आधी तुमचं कौतुक. जागा तुम्ही अचूक हेरलीत. वहिनी डोंबिवलीत राहतात, पतसंस्थेत नोकरी करतात. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, आमची आई अंथरुणाला खिळली, ऑफिसात मार्चअखेर मानगुटीवर बसला, आणि त्यांना पहाटे चारला जाग यायला लागली. छातीत धडधड, जीव घाबरा, दिवसभर कशात मन नाही. ‘मला नैराश्य आलंय’ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. आपल्याकडे तसं कोण म्हणतं? आपल्याला ‘कसंतरीच होतं’. मग ईसीजी झाला, टू-डी एको झाला, थायरॉइड झालं, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली. सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की घरच्यांना हायसं वाटतं आणि ज्याला होतंय तो एकटा पडतो. दादा म्हणाला, ‘काही झालेलं नाही तुला, उगाच डोक्यात घेऊन बसतेस.’ आईने पडल्या पडल्या हवापालट सुचवला. शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. ती निदान फुकट होती.

मनाच्या डॉक्टरकडे जाण्याचा विषय मी काढला तर घरात शांतता पसरली. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे, आणि आमच्या या पट्ट्यात अजूनही कुणाला वेड्यात काढायचं तर त्याला ‘ठाण्याला पाठवा’ म्हणतात. (पुणेकर येरवड्याला पाठवतात.) एका बाजूला ‘तुला काही झालेलं नाही’ आणि दुसऱ्या बाजूला ते फाटक. मधे केवढी मोकळी जागा, आणि तिथे कुणीच नाही. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय सर्वेक्षण केलं. नैराश्य, चिंता अशा सर्रास आढळणाऱ्या त्रासांत १०० पैकी ८५ जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. (महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता. आपल्याकडे चित्र वेगळं असेल असं पॉझिटिव्ह राहून मानायचं तर माना.) त्या ८५ जणांकडे बघून कुणाला वाईट वाटलं असेल, कुणी अहवाल लिहिला असेल. तुम्ही मांडव घातलात.

तुमचा तो ९९ रुपयांचा वेबिनार मी वहिनींच्या शेजारी बसून अख्खा पाहिला. शनिवार, रात्री नऊ. पडद्याच्या कोपऱ्यात ‘फक्त ७ जागा शिल्लक’ आणि त्याच्या खाली उलटं धावणारं घड्याळ. झूमवर खुर्च्या कशा कमी पडतात हे मला अजून उलगडलेलं नाही. ज्या बाईला छातीत धडधडतं म्हणून ती आली आहे, तिच्यासमोर मिनिटं-सेकंद मोजणारं घड्याळ टांगायचं, याला मात्र छाती लागते. मग तुम्ही बोललात. तुमची पत्र्याची खोली, तुमचं कर्ज, तुमच्यावर हसलेले नातेवाईक, मग एका रात्रीत झालेला साक्षात्कार, आणि मग गाडी. गाडीचा फोटो वेगवेगळ्या बाजूंनी आला. समोरच्यांचे माइक बंद होते. चॅट होतं, त्यात ‘ज्याला ज्याला आयुष्य बदलायचंय त्याने येस लिहा’ असं तुम्ही सांगायचात आणि पडदा येस-येसने भरून जायचा. वहिनींनीही लिहिलं. तेवढंच त्यांना त्या रात्री बोलता आलं.

बोलण्यातून बरं होण्याचे उपचार असतात, हे तुमच्या कानावर कुठून तरी आलं होतं हे उघड आहे. बोलायचं कोणी, एवढंच विचारायचं राहून गेलं.

तुमच्या आधी या क्षेत्रात कोच असायचा, नाही असं नाही. त्याच्यावर रुग्ण पहुडायचा. तो कोच गप्प असे. फिलाडेल्फियाचे आरन बेक हे मनोविकारतज्ज्ञ त्या कोचवाल्या फ्रॉइडच्याच परंपरेत तयार झालेले. रुग्णांचं ऐकता ऐकता १९६०च्या दशकात त्यांच्या ध्यानात आलं की निराश माणसाच्या मनात काही वाक्यं आपोआप उमटून जातात, ‘मी कुचकामी आहे’, ‘आता काही खरं नाही’, आणि तो ती तपासून न बघता खरी धरून चालतो. बेक २०२१ मध्ये वयाची शंभरी पुरी करून गेले. एवढ्या आयुष्यात त्यांनी कुणाला ‘पॉझिटिव्ह विचार करा’ असा मंत्र दिला नाही. विचार खरा आहे का ते बघा, पुरावा काय ते बघा, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्याही आधी, १९५५ च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस हीच वाट जरा दांडगाईने तुडवत होते. कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती विवेकनिष्ठ पद्धत मराठी वाचकाच्या हाती दिली. म्हणजे मराठीत काही नव्हतं म्हणून तुम्ही आलात, अशी समजूत असेल तर ती सोडून द्या.

पण तुमच्याकडे फळी होती.

कर्जतजवळच्या रिसॉर्टवरचं तुमचं दोन दिवसांचं निवासी शिबिर. पंचेचाळीस हजार, अधिक १८ टक्के जीएसटी. वहिनींची भिशी त्याच महिन्यात लागली होती. दिवे मंद, ढोल, दोनशे माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात एक लाकडी फळी. तिच्यावर आपली भीती लिहायची आणि तळहाताने फळी फोडायची. वहिनींनी ‘फोन’ असं लिहिलं. अवेळी फोन वाजला की मुलाचं काहीतरी झालं असणार, ही त्यांची भीती. फळी फुटली, टाळ्या झाल्या, मनगट मुरगळलं. सोमवारी फोन वाजला तेव्हा त्या पूर्वीसारख्याच दचकल्या. फरक एवढाच की या वेळी क्रेप बँडेज बांधलेल्या हाताने उचलला.

तुमच्या शिबिराने काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. दोन दिवस घरकाम नाही, सासूचं औषधपाणी नाही, आयतं जेवण आणि गळ्यात पडून रडायला दोनशे माणसं. कुणालाही बरं वाटेल. वहिनी हसत घरी आल्या. चार दिवस घर कसं भरल्यासारखं होतं. मग पुन्हा पहाटेचे चार.

आता जे लिहिते त्यासाठी हे पत्र आहे. बाकीचं सोडूनही दिलं असतं. वहिनींनी तुमच्या ‘सपोर्ट टीम’ला फोन केला आणि चाचरत सांगितलं की पुन्हा तसंच होतंय. उत्तर आलं: ‘मॅम, प्रोसेस शंभर टक्के चालते. तुम्हीच शंभर टक्के दिले नसतील. तुम्ही निगेटिव्हिटी पकडून ठेवलीय.’ फोन ठेवून वहिनी मला म्हणाल्या, ‘बरोबरच आहे त्यांचं. माझ्यातच काहीतरी कमी आहे.’

सर, नैराश्याला स्वतःचं एक भाषण पाठ असतं. चूक तुझीच आहे, तुझ्याने काही होणार नाही, बाकी सगळ्यांना जमतं, तुलाच जमत नाही. पहाटे चारला ते भाषण वहिनींना फुकट ऐकू यायचं. तुम्ही तेच त्यांना जीएसटी लावून ऐकवलंत. धंदा म्हणून हे बिनतोड आहे, यात शंका नाही. माणूस बरा झाला तर पद्धत थोर, नाही झाला तर माणूस कमअस्सल, आणि त्या कमअस्सल माणसाला वरच्या पायरीचा कोर्स विकायला पुन्हा जागा. प्लॅटिनम त्यासाठीच असतं ना? आणि प्लॅटिनमच्या वरची पायरी म्हणजे स्वतःच कोच व्हायचं. पेशंटनेच पुढे डॉक्टर व्हायचं आणि नवे पेशंट आणायचे. ही साखळी मी पूर्वी तव्या-भांड्यांच्या आणि प्रोटीनच्या डब्यांच्या स्कीममध्ये पाहिली होती.

आणि ती क्लिप. शिबिरात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवे घालवून, ‘आयुष्यातल्या सगळ्यात दुःखाच्या क्षणात जा’ म्हणून तुम्ही सगळ्यांना रडवलंत, तेव्हा कॅमेरा सुरू होता. वहिनी हुंदके देत आपल्या वडिलांबद्दल बोलत होत्या. ते बावीस सेकंद तुमच्या जाहिरातीत आले, खाली व्हायोलिन, वर ‘आय ॲम फ्री’. पतसंस्थेच्या कॅशियरने पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी डबा खाताना सगळ्यांच्या देखत विचारलं, ‘मॅडम, आता बरं आहे ना?’ परवानगी? होती, म्हणे. नोंदणीच्या फॉर्मवर अगदी खाली एका चौकोनात टिक होती. तीही आधीपासून केलेली.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. त्यात मानसिक आजार असलेल्या माणसाला गोपनीयतेचा हक्क आहे, आणि मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. पण तुम्ही आस्थापना कुठे आहात? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने १९९२ च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते, त्याला नोंदणी क्रमांक असतो. तुम्ही सायकॉलॉजिस्ट कुठे आहात? अंगारे-धुपारे करून लुबाडणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. पण तुम्ही ब्लेझर घालता, आणि ब्लेझर घालून निखाऱ्यांवरून चालवलं की त्याला एक्सपिरिएन्शियल लर्निंग म्हणतात. कायद्याच्या पुस्तकात तुमची जागा शोधता शोधता मी शेवटी तुमच्या बिलापाशी आले. तिथे तुम्ही अगदी खरं बोलला आहात. आरोग्यसेवेला जीएसटी माफ असतो. तुम्ही १८ टक्के लावला आहे आणि सेवेचा प्रकार लिहिला आहे ‘कोचिंग’. खाली मुंगीच्या अक्षरात: ‘हा कार्यक्रम वैद्यकीय उपचार नाही.’ म्हणजे सरकारदरबारी तुम्ही क्लासवाले, आणि वहिनींपुढे धन्वंतरी.

वहिनी पुढे खऱ्या जागी कशा पोचल्या, तेही ऐका. नाइलाजाने का होईना, आता तुमची ऐकण्याची पाळी आहे.

माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंनी ठाण्यातल्या एका मानसतज्ज्ञ मॅडमचं नाव सुचवलं. दारावर पाटी, पाटीवर नोंदणी क्रमांक. तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. वहिनी गेल्या आणि फणफणत परत आल्या. (त्या मला अजूनही वन्सं म्हणतात.) ‘वन्सं, बाईने मला काही म्हणजे काही सांगितलं नाही! पाऊण तास मीच बोलत होते. वर दीड हजार मीच दिले!’ मी हसू आवरलं. पाऊण तास वहिनी सलग बोलल्या आणि मधे कुणी कुकरची शिट्टी मोजायला सांगितली नाही, असं त्यांच्या लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच घडलं होतं.

नंतर कळलं की मॅडमनी अगदीच काही सांगितलं नव्हतं असं नाही. इथे बोललेलं इथेच राहील, मात्र जिवाला धोका आहे असं वाटलं तर घरच्यांना सांगावं लागेल, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं होतं. आणि नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला होता. पीएचक्यू-९ म्हणतात त्याला. गेल्या दोन आठवड्यांत झोपेचं काय, भुकेचं काय, कशात रस वाटतो का, स्वतःबद्दल वाईट वाटतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २७. पाच ते नऊ म्हणजे सौम्य. वहिनींचे आठ आले. चिंतेसाठी तसाच सात प्रश्नांचा आणखी एक कागद. नऊतला शेवटचा प्रश्न असा असतो की, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार आले का. वहिनींचं उत्तर शून्य होतं.

तुमच्या शिबिरात दोनशे माणसं होती, सर. दिवे घालवून सगळ्यांना दुःखाच्या तळाशी पाठवण्याआधी त्यातल्या किती जणांचं त्या नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्य नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं? विचारलं होतं? आणि स्टेजवरून तुम्ही जे टाळ्यांचं वाक्य घेता, ‘गोळ्या म्हणजे गुलामी, आजच फेकून द्या’, ते ऐकून सायकियाट्रिस्टने लिहून दिलेली गोळी एका दिवसात बंद करणाऱ्याचं पुढे काय होतं, हे विचारायला तुमची सपोर्ट टीम त्याला फोन करते का? तिथेही ‘कन्ग्रॅच्युलेशन्स’पासूनच सुरुवात असते का? वहिनींना गोळ्या लागल्या नाहीत हे खरं. इंग्लंडमधल्या ‘नाइस’ या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिकाही म्हणते की नैराश्य फारसं तीव्र नसेल तर, रुग्णालाच हव्या असतील तेव्हा सोडून, गोळ्यांनी सुरुवात करू नये. पण मॅडमनी ते गोळ्यांना शिव्या देऊन सांगितलं नाही. म्हणाल्या, सहा-आठ भेटी बघू, फरक पडत नसेल तर मी स्वतः तुम्हाला सायकियाट्रिस्टकडे पाठवीन. यात कुठली गॅरंटी आली? तुम्ही तर २१ दिवसांची देता.

मग सुरू झाला गृहपाठ. वहीत रकाने: काय घडलं, मनात काय आलं, ते कितपत खरं वाटलं, बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय. वहिनींना हे लगेच जमलं. जन्मभर जमा-नावेच तर लिहिलं आहे. पहिली नोंद ‘साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं’ अशी होती. मनात आलं, नोकरी गेली. बाजूचा पुरावा: साहेब हसले नाहीत. विरुद्धचा: साहेब कधीच हसत नाहीत.

फोनचं काय केलं हे तुम्हाला फळीमुळे विशेष वाटेल. त्या मुलाला दिवसातून पाच-सहा वेळा फोन करून ‘जेवलास ना, पोचलास ना’ विचारायच्या. उत्तर मिळालं की तासभर बरं, मग पुन्हा तेच. मॅडमनी एक-एक करून फोन कमी करायला लावले. फोन न केल्यास काय होईल असं वाटतं ते आधी लिहायचं आणि प्रत्यक्षात काय झालं ते रात्री लिहायचं. मुलाला काहीही झालं नाही, उलट तो आपणहून फोन करायला लागला. आणि दिवसभर मनात घोळणाऱ्या काळज्यांसाठी वेळ ठरवून दिली, संध्याकाळी साडेसहा ते सात. आधी काळजी आली तर तिला सांगायचं, साडेसहाला ये. वहिनी मला म्हणाल्या, ‘साडेसहाला मुद्दाम पंखा लावून काळजी करायला बसले, आणि एकसुद्धा धड आठवेना.’

सोडून दिलेल्या गोष्टींचीही यादी झाली. बुधवारचं भजनी मंडळ, मैत्रिणीबरोबर फडके रोडवरून गणपतीच्या देवळापर्यंतची चक्कर. वहिनी म्हणायच्या, मन लागलं की जाईन. मॅडम म्हणाल्या, आधी जा, मन मागून येईल. नाही आलं तरी पाय मोकळे होतील. पहिल्या बुधवारी त्या भजनाला गेल्या, तोंड उघडलं नाही, नुसत्या टाळ वाजवून आल्या. वहीत लिहिलं: ‘आनंद दहापैकी दोन. पण घरी असते तर शून्य.’ अजूनही कधी पहाटे जाग येते. दादाचं मत अजून असं आहे की वहिनी ठाण्याला शॉपिंगला जायच्या. आणि काही महिन्यांनी मॅडमनी सांगितलं की आता दर आठवड्याला यायची गरज नाही. गिऱ्हाईक आपण होऊन कमी करणारा हा धंदा बघून तुम्हाला त्यांची कीव येईल.

पदवी नाही म्हणून मी तुमच्या मागे लागले आहे, असा गैरसमज करून घेऊ नका. गोव्यात १९९६ पासून ‘संगथ’ ही संस्था काम करते. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, नैराश्याचा बऱ्यापैकी तीव्र त्रास असलेल्या ४९५ जणांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. बोलणारे समुपदेशक कोण? मानसशास्त्राची पदवी नसलेली, गावातलीच, शिकवून तयार केलेली माणसं. सहा ते आठ भेटी, आणि भर कशावर, तर सुटलेली कामं पुन्हा हातात घेण्यावर, वहिनींच्या टाळासारखंच. तीन महिन्यांनी त्यांच्याकडे गेलेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले दिसले, आणि नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ३९ टक्के. त्या समुपदेशकांच्या बैठकांचंही रेकॉर्डिंग होत असे. फरक असा की ते एकमेकांनी ऐकून गुण द्यायला, कुठे चुकलं ते काढायला होतं. सर, तुमचं शेवटचं रेकॉर्डिंग चुका काढण्यासाठी कुणी ऐकलं? साध्या माणसाला हे काम शिकवता येतं. शिकावं लागतं, आणि कुणीतरी वर बसून तपासावं लागतं. या दोनच गोष्टींची तुम्हाला ॲलर्जी आहे.

एका बाबतीत मात्र तुमच्यापुढे हात जोडते, आणि यात उपरोध नाही. तुम्ही वहिनींशी मराठीत बोललात. ‘जीव घाबरा होतो का? पोटात गोळा येतो का?’ असं तुम्ही विचारलंत तेव्हा वहिनी दचकून माझ्याकडे बघायला लागल्या, याला कसं कळलं म्हणून. बांद्रा-बाणेरच्या गारेगार क्लिनिकांत फॉर्मपासून दिलाशापर्यंत सगळं इंग्रजीत असतं, आणि पतसंस्थेतली बाई तिथल्या सोफ्याच्या कडेवर बसून ‘आय ॲम फाइन’ म्हणून परत येते. पाऊण तासाचे दीड हजार हे काही सगळ्यांच्या आवाक्यातले नाहीत. २०१७ च्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखाच धरायला सांगितलं, पण बहुतेक पॉलिसी माणूस दवाखान्यात दाखल झाला तरच हलतात, आणि बोलायला कुणी दाखल होत नाही. सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. वहिनींना तो ठाऊक नव्हता. तुमचा नंबर ठाऊक होता, कारण तो स्टेशनबाहेरच्या रिक्षांच्या पाठीवर आहे. ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थसारखी संस्था १९९० पासून मराठी घरांशी मराठीत बोलते आहे, पण आमच्यापासून अर्ध्या तासावर असूनही आमच्या घरात तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. या सगळ्यांनी तुमच्याकडून एकच गोष्ट शिकावी असं मला वाटतं: रिक्षा.

आता कामाचं. पंचेचाळीस हजार परत मागत नाही. ‘मनाची तयारी नसलेल्यांना नो रिफंड’ हे तुमचं कलम वाचलं आहे. पण ते बावीस सेकंद सगळीकडून काढा. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, आणि तुमच्या त्या ‘यशोगाथा’ नावाच्या फोल्डरमधूनही, जो तुमच्या ऑफिसातल्या मुलीने नव्या गिऱ्हाइकांना पाठवताना चुकून वहिनींनाच पाठवला. त्यात आणखी कितीतरी बाया आणि दोन-तीन पुरुष रडताना आहेत. त्यांच्या घरी कुणी नणंद नसेल, म्हणून त्यांच्याही वतीने मागते. आठ दिवसांत काढलं नाही तर पुढचं पत्र सायबर सेलला जाईल, आणि त्यात विनोद नसतील.

आणि येत्या शनिवारच्या वेबिनारला मी नाव नोंदवलं आहे. माझ्या शाळेतल्या बाया, वहिनींचं भजनी मंडळ आणि तो कॅशियर, सगळ्यांनी नोंदवलं आहे. मराठी शाळेच्या बाईंना फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायची सवय असते, चॅटमध्येही जमेल. नोंदणी क्रमांक काय, नववा प्रश्न विचारता का, तुमच्या बैठका कोण तपासतं, एवढंच लिहू. ९९ रुपये प्रत्येकी भरले आहेत. माइक बंदच ठेवा हवं तर, पण चॅट बंद करू नका.

कळावे,
डोंबिवलीच्या एका वहिनींची नणंद